खोऱ्यातल्या सात बंधाऱ्यांचा नकाशा

एकाहत्तर साल संपत आलं होतं तेव्हा मी नगरच्या एका सरकारी कचेरीत ट्रेसर होते. सर्व्हेअरनी पेन्सिलीत काढलेल्या नकाशावर निळसर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईने वर उतरवायची, हे माझं काम. वडील त्याच खात्यात कारकून होते. ते गेल्यावर मला घेतलं. मी तेवीस वर्षांची होते, घरी आई आणि मी दोघीच. लढाईच्या दिवसांत कचेरीच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. लढाई संपली तरी ते कोणी काढले नाहीत. त्यामुळे भर दुपारी दिवा लावून मी रेघा ओढत असे, आणि त्यातली निळी रेघ म्हणजे कुठेतरी खरंच वाहणारं पाणी आहे, हे माझ्या कधी मनातही येत नसे.

आमच्याकडे एक सर्व्हेअर होते. वडिलांच्या बरोबरीचे, म्हणून मी त्यांना काका म्हणायची. मार्चअखेर ते रिटायर होणार होते. त्या वर्षी पाऊस ओढून धरलेला, त्याच्या आधीच्या वर्षीही फारसा झालेला नव्हता. वरून पत्र आलं होतं की आपल्या हद्दीत दुरुस्त होण्याजोगी जुनी पाण्याची कामं असतील तर त्यांची यादी पाठवा. बाकीच्यांनी दोन ओळींचं उत्तर लिहून पत्र फाइलला लावलं. काका रेकॉर्डच्या खोलीत शिरले आणि चार दिवसांनी वाळवीने कडा खाल्लेला एक नकाशा घेऊन माझ्या टेबलाशी आले.

तो इंग्रजांच्या वेळचा होता. नगरच्या पूर्वेला गर्भगिरीच्या डोंगरात एक लहानशी नदी आहे, पावसाळ्यापुरती वाहणारी. नकाशात त्या नदीला आडव्या सात जाड रेघा होत्या, आणि प्रत्येक रेघेपासून एक बारीक निळी रेघ निघून शेतांकडे गेलेली होती.

"सात बंधारे," काका म्हणाले. "प्रत्येकाला स्वतःचा पाट. एवढ्याशा नदीवर. हे खरं असेल तर त्या खोऱ्यात आज उन्हाळ्यातसुद्धा गहू निघायला हवा."

"निघतो का?"

"तेच बघायला जायचंय. तू चल माझ्याबरोबर."

मी हसले. ट्रेसर बाई मोजणीला जाते असं आमच्याकडे कधी झालेलं नव्हतं. पण काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. लांबचं पुसटसं दिसे, कागदावरची बारीक रेघ भिंग धरल्याशिवाय दिसत नसे, आणि हे साहेबांना कळलं तर शेवटचे महिने घरी बसावं लागेल याची त्यांना भीती होती. त्यांनी साहेबांना काय सांगितलं कोण जाणे, पण परवानगी मिळाली. आई म्हणाली, "काका आहेत ना बरोबर, मग जा."

खोऱ्यातल्या वरच्या गावात काका आणि मोजणीची साखळी धरणारा आमचा खलाशी शाळेच्या खोलीत उतरले. माझी सोय गावच्या पाटकऱ्याच्या घरी झाली. पाटाचं पाणी कोणाच्या शेताला कधी आणि किती वेळ द्यायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाटकरी. त्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. म्हातारे सत्तरीच्या पुढचे होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणे, मीही म्हणू लागले. घरात ते आणि त्यांची सून. मुलगा दसऱ्यानंतर चुलतभावाच्या टोळीत कारखान्याकडे ऊस तोडायला जायचा. सून मागे राहायची, कारण सातांपैकी एक बंधारा अजून चालू होता आणि त्याच्या पाटावर यांचा गव्हाचा आणि कांद्याचा तुकडा भिजत होता. अशी दहाबारा घरं होती, ज्यांच्या बायकांना तोडीवर जावं लागत नसे. त्या भागात ही केवढी गोष्ट होती, ते मला तेव्हा कळलं नाही. सून माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल. मी तिला वहिनी म्हणायची.

आबांनी नकाशा कधी पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी काकांनी तो शाळेच्या ओट्यावर पसरला आणि मी बोट ठेवून एकेक बंधारा दाखवत गेले. आबा उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले.

"ही आमची नदी व्हय?"

"होय आबा. हा पहिला, हा दुसरा. आणि हा तिसरा, त्याचा पाट या डाव्या अंगाला जातो."

"न्हाई. तिसऱ्याचा पाट उजव्या अंगाला हाय."

"नकाशात डाव्या बाजूला आहे."

"मग कागूद चुकलाय," आबा म्हणाले. "उठा, दावतो."

कागद खरंच चुकला होता. तिसऱ्या बंधाऱ्याच्या उजव्या टोकाला खडकात कोरलेलं पाटाचं तोंड आबांनी काटेरी झुडपं बाजूला करून दाखवलं. काका खाली बसले आणि त्या खाचेत हात फिरवू लागले. "तो इंग्रज इथपर्यंत आलाच नव्हता," ते म्हणाले. "खालच्या गावात बसून कोणाला तरी विचारलं आणि काढलं." मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. डाव्या बाजूची रेघ मी पेन्सिलीने खोडली आणि उजव्या बाजूला खरी रेघ घातली. शंभर वर्षांची चूक आपण दुरुस्त केली, असं मला वाटलं.

असे आम्ही महिनाभर चाललो. पुढे आबा, मागे साखळी आणि लाल-पांढरी काठी घेतलेला खलाशी, मग काका, आणि पाटी व कागद सांभाळत मी. पाट कुठे बुजला होता, कुठे त्याच्यावरून गाडीवाट गेली होती, कुठे कोणी तो नांगरून शेतात घेतला होता. जिथे काहीच दिसत नसे तिथे आबा थांबायचे, पायाने माती चाचपायचे आणि म्हणायचे, "हितून." खलाशी कुदळ मारायचा आणि हातभर खाली गोट्यांचा तळ लागायचा. कोणाच्या शेताला पाण्याची कितवी पाळी, हे आबांच्या तोंडपाठ होतं. जे पाट त्यांच्या आजोबांच्या वेळीच बंद पडले होते, त्यांच्या पाळ्यासुद्धा त्यांना येत होत्या. मी त्या लिहून घेत होते. लिहिलेलं वाचून दाखवलं की ते मान हलवायचे. एकदा म्हणाले, "माज्या पोराला यातलं काय बी येत न्हाई. तुमी लिवलं, बरं झालं."

दोन बंधारे पार वाहून गेले होते. तीन मधोमध फुटले होते. एक चालू होता. राहिला पाचवा. नकाशात जिथे त्याची रेघ होती तिथे नुसती वाळू आणि बाभळी. आबा म्हणाले, "माजा आजा म्हनायचा, पाचवा मोठ्या पुरात गेला." काकांनी तसं लिहायला सांगितलं.

त्या दिवशी संध्याकाळी वहिनी भाकरी थापत होती. मी चुलीजवळ बसून दिवसाचे आकडे पक्के करत होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाचवा गेल्याला न्हाई."

"काय म्हणालात?"

"हाय त्यो. वाळूखाली हाय. आमी पानी तितनंच आनतो की."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला तिथे नेलं. बाभळींच्या वरच्या अंगाला बायकांनी वाळूत खणलेला झिरा होता, कमरेइतका खोल. आजूबाजूच्या गावांच्या विहिरी तळाला गेल्या होत्या, पण या झिऱ्यात स्वच्छ पाणी होतं आणि उपसलं तरी पुन्हा भरत होतं. वहिनी झिऱ्यापासून दहा पावलं खाली गेली, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी वाळू मागे ओढू लागली. मीही ओढू लागले. कोपरभर खाली बोटांना काहीतरी गार, सपाट लागलं. काळा घडीव दगड होता. त्याला लागून दुसरा, आणि दोघांच्या मधल्या सांध्यात पांढरा चुना, नखाने खरवडला तरी न निघणारा.

"ही भित पार त्या काठापत्तूर हाय," वहिनी म्हणाली. "पानी हिला आडतं, म्हनून झिरा हटत न्हाई. बायांना समद्या ठावं हाय. गड्यांना कोन सांगनार, त्ये काय पान्याला येत्यात व्हय."

मी काकांना हाक मारायला उठले तर तिने माझा हात धरला.

"ताई, कागदावर घेतलं की काय हुतं?"

"नोंद होते."

"मंग सरकार न्हेनार का ह्ये?"

"नेतंय कशाला? उलट नोंद झाली की कोणाला मोडता येत नाही," मी म्हणाले.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कुठे वाचलंही नव्हतं. इतका जुना आणि इतका धडधाकट बंधारा सरकारच्या नकाशावर आला की तो राखला जाणार, यापलीकडे काही होऊ शकतं असं मला वाटतच नव्हतं. तिने हात सोडला.

काकांनी दोन्ही टोकांना आणि मध्ये वाळू उकरून घेतली. भिंत सलग होती. लांबी, रुंदी, खाली किती थर, हे त्यांनी स्वतः हात लावून मोजलं. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून प्रत्येक सांध्यावर बोट फिरवत गेले. दुरुस्तीचा अंदाज करायचा तर हे चोख हवं, असं ते म्हणत होते. नकाशाच्या कडेला मी एक तक्ता आखला. बंधारा क्रमांक पाच, चुन्यातलं घडीव दगडी बांधकाम, सुस्थितीत, दगड इतका. बाकीच्या बंधाऱ्यांपुढेही उरलेला दगड किती, ते लिहिलं.

कचेरीत परतल्यावर दोन महिने मी तो नकाशा शाईत केला. पाट निळ्या शाईत, बांधकाम लाल शाईत, बुजलेले पाट तुटक निळ्या रेघेत. इतकं मन लावून मी आधी कधी काम केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. काकांनी खाली सही केली आणि कोपऱ्यात मला माझी आद्याक्षरं घालायला सांगितली. मार्चअखेर ते हार आणि नारळ घेऊन घरी गेले. प्रस्ताव वर गेला. पाचवा बंधारा मोकळा करायचा, तीन फुटके सांधायचे, पाट उकरायचे.

बहात्तरचा पाऊस झालाच नाही. आभाळ यायचं आणि जायचं. श्रावणात उन्हाळ्यासारखी धूळ उडत होती. नगरात रेशनच्या दुकानात मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी येऊ लागली, तिच्या भाकरीला चिकटपणा म्हणून नसायचा, तव्यावर टाकताना तुटायची. आमच्या कचेरीत फक्त दुष्काळी कामांच्या फाइली हलत होत्या. बंधाऱ्यांचा प्रस्ताव परत आला. या कामांना कुशल गवंडी लागतात, जास्तीत जास्त लोकांना ताबडतोब काम देता येईल अशीच कामं सध्या घ्यावीत, असा शेरा होता. शेरा खोटा नव्हता. लोकांना खरंच त्याच आठवड्यात काम हवं होतं. नकाशा गुंडाळून कपाटात गेला.

हिवाळ्यात एक तरुण इंजिनिअर आमच्याकडे आले. त्या खोऱ्यातून डोंगरापलीकडे जाणारा रस्ता दुष्काळी काम म्हणून मंजूर झाला होता. ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले, पायाला धूळ, डोळे लाल.

"त्या खोऱ्याचा बंधाऱ्यांचा नकाशा तुम्ही केलाय ना? मला त्याची एक नक्कल हवी. पाट वगैरे नकोत. नदी, गाडीवाटा, बंधाऱ्यांच्या जागा आणि तो कडेचा तक्ता."

"तक्ता कशाला?" मी विचारलं.

"बाई, दोन हजार माणसं कामावर यायला उभी आहेत आणि मला फोडायला दगड नाही. खाण लांब आहे, सुरुंगाची दारू मिळत नाही, ट्रक नाहीत. उद्यापर्यंत होईल का?"

मला काय कळलं आणि काय नाही, याबद्दल मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःशी खोटं बोलले. ते बंधारे चुकवून रस्ता नेणार असतील असं मला वाटलं, असं मी आईला सांगितलं. पण फोडायला दगड नाही, हे त्यांचं वाक्य मी ऐकलं होतं. तक्त्यात दगडाचे आकडे होते, हे मला माहीत होतं, ते मीच लिहिले होते. मी एवढं म्हणू शकले असते की पाचव्याच्या मागे लोकांचं प्यायचं पाणी आहे. नकाशावर झिऱ्याची खूण नव्हती. बायकांनी वाळूत खणलेल्या खड्ड्याला आमच्याकडे खूणच नव्हती, म्हणून मी ती केली नव्हती. ते साहेब घाईत होते, मी ट्रेसर होते. मी नक्कल करून दिली. दुपारपर्यंत झाली सुद्धा.

माघात त्या रस्त्याच्या कामाची मोजमापं आमच्याकडे आली. त्यातले आकडे एका आराखड्यावर उतरवायचे होते. दगड कुठून घेतला, या रकान्यात लिहिलं होतं, बंधारा क्रमांक पाच. त्याच्या खाली, बंधारा क्रमांक दोन. काकांनी दिलेलेच क्रमांक होते. दोन म्हणजे तो चालू बंधारा.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने मी गेले. फाट्यावर उतरून चालत निघाले, तेव्हा पहिल्यांदा हातोड्यांचा आवाज ऐकू आला. नव्या रस्त्याच्या दोन्ही कडांना बायका बसल्या होत्या. उन्हासाठी डोक्यावर फाटकं पोतं, बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले. मांडीसमोर दगड, बाजूला खडीचा ढीग. दगडांच्या एका अंगाला पाथरवटाच्या टाकीचे सरळ घाव होते आणि कडेला पांढरा चुना चिकटलेला होता. शाळेच्या वळणावर वहिनी बसली होती. तिने मला ओळखलं, हातोडा थांबवला नाही.

"कवा आलात?"

"आत्ताच."

"बसा सावलीला. आबा घरी हायेत."

सावली कुठेच नव्हती. मी तिच्याजवळ खाली बसले.

"झिरा?" मी विचारलं.

"भित काडली तसं आठ दिसांत आटला. पानी वाळूतनं खाली निगून गेलं म्हनं. आता टँकर येतो, यील तवा." तिने दगड फिरवला, चुन्याचा पापुद्रा हातोड्याने उडवला. "तुमी म्हनला व्हता, नोंद झाली की मोडता येत न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. एखादी गोष्ट नीट ऐकली होती की नाही, याची खात्री करून घ्यावी तसं ती बोलली. थोड्या वेळाने तिने बाजूला पडलेला दुसरा हातोडा पायाने माझ्याकडे सरकवला आणि लगेच परत ओढून घेतला. म्हणाली, "नगं. तुमच्या हाताला फोड येत्याल." शाईने रेघा ओढणारे माझे हात मी पदराखाली घेतले.

आबा घराच्या ओसरीवर बसले होते. गोठा रिकामा होता, बैल घोडेगावच्या बाजारात गेले होते. त्यांनी मला पाणी दिलं, अर्धा तांब्या. मला ते पिववेना आणि ठेवताही येईना.

"आबा, तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत? मोडू नका म्हणून?"

"सांगितलं की. पैल्या दिशी पाचव्याच्या भितीवर जाऊन बसलो. मुकादम काय बोलला न्हाई. त्यो बाजूला हुबा ऱ्हायला. मग गावातलीच मान्सं आली. म्हनली, आबा, उठा. काम बंद पडलं तर आमी खायाचं काय?" त्यांनी धोतरावरची धूळ झटकली. "त्येंच्यात सून बी हुती."

"मग?"

"मग उठलो."

मला वाटलं एवढंच आहे. मग आपणहून म्हणाले, "वरचं थर निगालं. खालचं त्येनला घावंना. वाळू ढासळायची. दोन दिस काम बंद हुतं, हजेरी मांडली न्हाई. मंग म्याच गेलो आन् दावलं, भित कुठनं सुरू हुती आन् कुठं संपती. आजून दोन थर घावलं."

"तुम्ही दाखवलंत?"

"मला ठावं हुतं, बाई. मोजताना बगितलं हुतं. गड्यांत आन् कुनाला ठावं न्हवतं. दगुड हाय तवर काम हाय."

त्यांच्या डोळ्यांकडे मला बघवलं नाही. ते रडत नव्हते. पाळ्यांची ती मोठी यादी तोंडपाठ सांगताना त्यांचा आवाज जसा असायचा, अगदी तसाच आवाज होता.

नगरला परतल्यावर मी काकांकडे गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पण एका डोळ्याला गुण आला नव्हता. ते खाटेवर बसून मी बोलत होते तिकडे तोंड करून ऐकत राहिले. काकू आत चहा करत होत्या. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पाचव्यातून दगड किती निघाला?"

मोजमापाच्या कागदावरचा आकडा मला पाठ झाला होता. मी सांगितला.

"म्हणजे आपण लिहिला होता तेवढाच," ते म्हणाले. "थोडा जास्तच."

मला त्यांचा फार राग आला. एवढं होऊन ह्यांना हिशेब जुळल्याचं पडलंय, असं वाटलं. चहा न घेता मी उठले. दारात चपला घालताना त्यांनी हाक मारली.

"पोरी, तो तक्ता मी लिहायला सांगितला होता. तू नाही." मग हळू आवाजात म्हणाले, "मला वाटायचं, मोजमाप चोख केलं की माणसं काम करतात. पस्तीस वर्षं मला असंच वाटत आलं." त्यानंतर मी त्यांच्याकडे क्वचितच गेले. गेले तरी आम्ही दोघं त्या खोऱ्याबद्दल बोलत नसू.

उन्हाळ्यात नवे साहेब आले. त्यांनी कपाटातले सगळे नकाशे आजच्या स्थितीप्रमाणे दुरुस्त करायला सांगितले. ट्रेसिंगच्या कापडावरची शाई रबराने जात नाही, ब्लेडने हलकेच खरवडावी लागते. फुटक्या तिन्हींचा दगडही तोवर रस्त्यात गेला होता, म्हणून मी सातही बंधारे खरवडले. मग पाट. तिसऱ्या बंधाऱ्याचा उजव्या अंगाचा पाट, जो आबांनी दाखवला होता, तोसुद्धा. पाचव्याच्या जागी हात जड झाला आणि कापड फाटलं. मागून पट्टी चिकटवून मी नकाशा साहेबांकडे नेला. त्यांनी पाहिला आणि म्हणाले, "छान, आता स्वच्छ दिसतोय."

त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. सगळ्या जिल्ह्यात लोक देवाला नारळ फोडत होते. भाद्रपदात मी खोऱ्यात गेले. नदी आली होती, दुथडी भरून आली होती, असं गावात सांगत होते. पण मी पोचले तेव्हा तळाला गोट्यांमधून एक बारीक धार होती. अडवायला काही नव्हतं, पाणी आलं तसं गेलं. पूर्वी जिथे वाळू होती तिथे खडक उघडा पडला होता, वाळूही पुरात वाहून गेली होती. आबांच्या कांद्याच्या तुकड्यात बाजरी होती, पावसावरची. पाटाच्या तळातून गुरांची पायवाट पडली होती.

दसऱ्यानंतर त्या नव्या रस्त्याने ऊसतोडीचे ट्रक थेट गावात आले. पूर्वी मजुरांना फाट्यापर्यंत चालत जावं लागे. त्या वर्षी ती दहाबारा घरंही गेली. वहिनी नवऱ्याबरोबर गेली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आपली कचेरीत रेघा ओढत होते.

वैशाखात नगरच्या एस.टी. स्टँडवर ती मला दिसली. मी आईला बसमध्ये बसवून परत निघाले होते. ती बोचक्यावर बसली होती, खूप काळी पडली होती, उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली होती. नवरा पाणी आणायला गेला होता.

"आबा कसे आहेत?" मी विचारलं.

"गेलं की. माघात. आमी तोडीवर हुतो. शेजाऱ्यांनी माती दिली. आमाला चार दिसांनी निरूप आला."

मी तिच्याजवळ बसले. तिने बोचकं थोडं सरकवून मला जागा केली. मी विचारलं, आता पेरणी करणार ना? ती म्हणाली, बाजरी टाकू, पण दसऱ्याला पुन्हा जायचं, मुकादमाला तसं कबूल केलंय. आबा शेवटी काही म्हणत होते का, असं मी विचारलं. शेजारणीने तिला सांगितलं होतं की ते दोन दिवस नुसती माणसांची नावं घेत होते, एकामागून एक. कोणाची नावं ते कोणाला कळलं नाही. त्यातली कितीतरी माणसं केव्हाच मेलेली होती.

मला कळलं होतं. ती पाळ्यांची यादी होती. मी लिहून घेतलेली वही कचेरीत कुठे गेली, ते मी कधी शोधलं नव्हतं. वहिनीला मी काही सांगितलं नाही. तिची बस लागली, नवरा हाक मारू लागला. ती उठली, बोचकं डोक्यावर घेतलं. मी हात लावू लागले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, हलकंच हाय." आणि गर्दीतून बसच्या दाराकडे गेली.